उतरता खांदा

९ ऑक्टोबर १९९४, रविवार

सकाळीच वन्सं दारात. दोन गल्ल्या पलीकडे तर राहतात, पण धापा अशा टाकत होत्या जशा काही डोंगर उतरून आल्या. हातात ही भली मोठी पिशवी. माझी विचारपूस नाही, काही नाही. आधी, ‘वेहबी घरात आहे का?’

म्हटलं, तुमचे भाऊ चहाच्या दुकानात पत्ते कुटतायत.

‘बरं झालं,’ म्हणाल्या आणि मगच चपला काढल्या.

पिशवीत राखाडी लोकर. चांगली, मेंढीची, हाताला जराशी बोचणारी. चौदा गुंड्या! ‘पुरुषाचा स्वेटर हवाय. व्ही गळ्याचा, सैल. आणि वरून खाली विण, पोरांना विणतेस तसा.’

कोणासाठी? तर जावयाच्या भावासाठी. बुर्साचा.

मला हसूच आलं. मोठ्या माणसाला वरून खाली कोण विणतं? सगळं एर्झुरुम खालून विणतं. पाठ वेगळी, पोट वेगळं, मग शिवण. गळ्यापासून सुरुवात करायची ती वाढत्या पोरांसाठी, म्हणजे अंग वाढलं की खालची किनार सोडून पुढे विणता येतं. म्हटलं, वन्सं, जावयाचा भाऊ अजून वाढतोय वाटतं! तर म्हणतात, ‘त्याचं पोट वाढतंय.’ या बाईला विनोद कधीपासून सुचायला लागले?

माप म्हणून निळी दोरी दिली, गाठी मारलेली. सासूबाई मारायच्या अगदी तशाच. गळा, उजवा खांदा, डावा खांदा, छाती, बाही, उंची. खांदे दोन वेगळे मोजलेत! वय झालं त्यांचं. जाताना पुन्हा वळल्या. ‘दोरी टाकू नकोस हं, मुकर्रेम.’

दहा गुंड्या पुरतील, सैल विणला तरी. तसं म्हटलं तर, ‘उरली तर उरू दे.’ लोकर उरू दे म्हणणारी बाई मी आज पहिल्यांदा पाहिली.

११ ऑक्टोबर, मंगळवार

टाके घातले. चार ठिकाणी लाल दोऱ्याच्या खुणा बांधल्या – दोन बाह्यांच्या अलीकडे, दोन पलीकडे. एकाआड एक ओळीला खुणेच्या दोन्ही बाजूंना टाका वाढवायचा. गळ्याच्या कडेला मात्र चार ओळींनी एकदा, म्हणजे व्ही हळूहळू खाली उतरतो. घाई केली की गळा बशीसारखा होतो.

दोरीला मापं संपल्यावर लांबलचक शेपूट उरलं होतं. तेही गाठाळ. वन्संच्या हाताला हल्ली कापरं आहे. ते कापून खुणांच्या डब्यात टाकलं. बाह्यांचे टाके अडकवून ठेवायला होईल. माझ्याकडे दोऱ्याचा तुकडासुद्धा वाया जात नाही.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

शेगडी पेटवली, यंदाची पहिली. हे मशिदीतून आले ते थेट शेगडीला चिकटले. विणकाम झालं थोडं.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

डावा खांदा उजव्याहून दीड बोट कमी येतोय. तीनदा मोजला. दोरी तेच म्हणते. मग डाव्या बाजूला दोन ओळी अर्ध्यातून परत वळवल्या. दोरी म्हणेल तसं! उद्या बुर्साहून तक्रार आली तर वन्संनी निस्तरावी.

२३ ऑक्टोबर, रविवार

बरीच रात्र झालीय. तरी लिहिते.

आज व्हीची दोन्ही टोकं एकत्र आली. गोल जोडून घेतलं, बाह्यांचे टाके दोऱ्यांवर काढून ठेवले – एकीला पांढरा दोरा, दुसरीला ते निळं शेपूट. गाठाळ आहे, पण टाके निसटत नाहीत. मग कसं बसतंय बघायला मांडीवर पसरलं. डाव्या खांद्यात मूठ घालून उचललं.

माझ्या हाताला आधी कळलं. मला नंतर.

हा खांदा मी चोवीस वर्षं विणलाय. सुआतचा खांदा आहे हा! माझ्या लेकाचा!

आठ वर्षांचा असताना यार्डात मालगाडीच्या डब्यावरून पडला. हे तेव्हा तिथे स्टेशनमास्तर. डॉक्टर दोन तासांवर, हाडवैद्य शेजारी. म्हाताऱ्याने ओढून बसवलं ते तसंच राहिलं, दीड बोट खाली. शाळेत पोरं तराजू म्हणायची. मी प्रत्येक स्वेटरला डाव्या बाजूच्या दोन ओळी अर्ध्यातून परत वळवायचे, मग कुणाला कळायचं नाही. या दोन ओळी ठाऊक असलेली माणसं किती? तो, मी आणि त्याची आत्या!

नऊ वर्षं झाली त्याला घर सोडून. नऊ वर्षं मी जिवंत आहे की मेला काही माहीत नसताना भाकरी खातेय. आणि आमच्या वन्सं नाजियेबाई त्याच्या अंगाला दोरी लावून माप घेऊन येतात!

जावयाचा भाऊ म्हणे.

२४ ऑक्टोबर, सोमवार

आजपासून या वहीत तिला वन्सं म्हणणार नाही.

दर उन्हाळ्यात ती महिनाभर लेकीकडे बुर्साला जाते. दर उन्हाळ्यात निघायच्या आदल्या दिवशी मी पहाटे उठून केते भाजून देते, लोणी घातलेले, पापुद्र्यांचे पाव. डबा बांधून देते. आणि ती दरवेळी, ‘अजून चार घाल गं, वाटेत भूक लागते.’ वीस केते लागतात एका बाईला वाटेत?

त्याला केते आवडायचे.

मी तिला बसपर्यंत सोडायला जायचे. पिशव्या उचलून! ‘देव तुला सुखरूप नेवो’ म्हणायचे, बसमागे पाणी शिंपडायचे. आणि ती काचेतून हात हलवायची. नऊ वेळा हलवला तिने हात. केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. मला वाटायचं, अख्ख्या घराण्यात एकटी हीच माझी. यांच्या आईने मला सून म्हणून तोंडभर कधी हाक मारली नाही, तेव्हा हिने जवळ बसवून धागा मानेमागून घ्यायला शिकवलं. त्याच मानेवर सुरी.

२७ ऑक्टोबर, गुरुवार

यांना सांगितलं तर स्वेटर शेगडीत जाईल. सांगत नाही.

विणतेय मात्र. का, ते माहीत नाही. हात थांबत नाहीत. छातीच्या खाली चार बोटं आलं.

रात्रंदिवस एकच. त्याने मागितला असेल का स्वेटर? आईच्या हातचा? मग पत्राच्या दोन ओळी लिहायला काय झालं होतं? माझा स्वेटर चालतो, मी चालत नाही! की त्याला माहीतच नाही कोण विणतंय?

३ नोव्हेंबर, गुरुवार

महिन्याचा पहिला गुरुवार, गल्लीतल्या बायकांची बैठक. या वेळी गुलीझारकडे. अक्रोडाचा कदायिफ केला होता, पाक घट्ट झाला होता, कोणी बोललं नाही. अकरा बायका, अकरा विणकामं. मी मुद्दाम राखाडी घेऊन गेले आणि नाजियेच्या समोर जाऊन बसले.

गुलीझार म्हणाली, ‘अगंबाई, एवढा ढगळ? आत दोन माणसं राहतील!’

म्हटलं, आमच्या वन्संना विचार. त्यांचं गिऱ्हाईक आहे. मग सगळ्यांसमोर, अगदी सहज – ‘वन्सं, त्या मुलाचा डावा खांदा उतरता आहे का हो?’

साखरेचा खडा तिच्या दातांत होता. चहाचा घोट घेतला. खडा पुरता विरघळू दिला. डोळे पेल्यात.

‘असेल. मी काय त्याची आई आहे?’

बायका हसल्या. मीही हसले! अकरा जणींत बसून हसले. सुई बोटात घुसली तरी हसत होते. घरी येऊन न्हाणीघराचं दार लावून रडले. असलं वाक्य एखादी वैरीणही बोलत नाही.

४ नोव्हेंबर, शुक्रवार

उसवला.

वरून खाली विणलेल्याचं हे एक बरं असतं. शेवटचं टोक ओढलं की सुरसुर सगळं येतं, कुठे शिवण आडवी येत नाही. काखेपर्यंत ओढला. वर मात्र हात गेला नाही. खांदा आहे तिथे.

लोकर कुरळी होऊन जमिनीवर पडली होती. हे म्हणाले, ‘काय झालं?’ म्हटलं, टाका चुकला. ‘कितवा?’ शेवटी स्टेशनमास्तर. प्रत्येक गोष्टीचा नंबर पाहिजे.

६ नोव्हेंबर, रविवार

गेले तिच्याकडे. उसवलेलं धूड पिशवीत घालून. चहा ठेवायला उठली, म्हटलं चहा नको. तरी ठेवला.

‘कुठे आहे तो?’

तिने साखरेचं भांडं पुढे सरकवलं.

‘वन्सं, मी विचारतेय. सुआत कुठे आहे?’

नऊ वर्षांत हे नाव मी पहिल्यांदा मोठ्याने घेतलं. तिने दारं-खिडक्या पाहिल्या, मग हात जोडल्यासारखे केले. ‘मी तोंड उघडणार नाही, मुकर्रेम. कुराणावर हात ठेवलाय.’

‘कोणापुढे? यांच्यापुढे?’

‘तोंड उघडणार नाही म्हटलं ना.’

मग मी सोडलं नाही. जे तोंडाला आलं ते बोलले. वीस केत्यांचा हिशेब मागितला. म्हटलं, तुम्हाला मूल हरवणं काय ते ठाऊक नाही, तुमची लेक दर बैरामच्या सणाला फोन करते! ती नुसती चहाचा पेला फिरवत बसली. आणि एकदम म्हणाली, हळूच, शिव्या देताना बोलतात तसं नाही, दमून –

‘काही बायका टाके मोजत बसतात, मुकर्रेम. मग पोरं काय करणार?’

पुढचं मला ऐकू आलं नाही. तो घर सोडून गेला त्या दिवशी त्या खोलीत आम्ही तिघंच होतो. हे, तो आणि मी. हे कधी सांगणार नाहीत, मी कधी सांगितलं नाही. म्हणजे त्याने सांगितलं. बसून, सविस्तर.

निघताना तिने माझी बाही धरली. ‘दोरी आहे ना जपून?’

म्हटलं, घाला ती दोरी शेगडीत!

‘सगळी वाचलीस?’

‘वाचली! डावा खांदा वाचला! त्याहून काय वाचायचं?’

‘सगळी?’ परत तेच. डोकं फिरलंय तिचं. चपला घालताना उजवी डाव्या पायात घातली आणि तशीच कोपऱ्यापर्यंत आले.

७ नोव्हेंबर, सोमवार

लिहूनच टाकते. इथे कोण बघतंय.

मार्च ८५. बाहेर गुडघाभर बर्फ. तो उभा, हे उभे. रेल्वेतली नोकरी सोडतो म्हणाला, आणि इस्पितळातल्या त्या नर्सशी लग्न करतो. घटस्फोटित, याच्याहून चार वर्षांनी मोठी. हे म्हणाले, ती किंवा हे घर. तो म्हणाला, ‘आई, तू तरी बोल.’

मी शेगडीजवळ बसून विणत होते. त्याचाच स्वेटर, टाके मोजत. चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी. डोकं वर केलं नाही. वाटलं, नजर वर केली तर कोणाकडे तरी बघावं लागेल. शहाऐंशी. ‘आई!’ सत्त्याऐंशी. मग दार वाजलं. बर्फावर त्याच्या बुटांचा आवाज ऐकू आला, आणि मी ओळ पूर्ण केली. ती ओळ पूर्ण केली मी!

रोज स्वतःला सांगत आले की बाप-लेकांच्या भांडणात बाईने पडू नये. संध्याकाळपर्यंत येईल, पोटाला भूक लागली की येईल. त्याच्या पोटाला नऊ वर्षं दुसऱ्या कुणी घातलं.

तरी नाजियेला माफ करणार नाही. माझं पाप माझं. तिचं तिचं. एक शब्द – ‘जिवंत आहे’ – एवढा तरी टाकायला हवा होता तिने माझ्या पदरात.

१० नोव्हेंबर, गुरुवार

उसवलेली लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळली, किटलीच्या वाफेवर धरली. सरळ झाली बरीचशी. परत काखेपासून सुरू केलं. सुलट, सुलट, सुलट. धागा मानेला घासून लाल वळ उठलाय.

दुपारी पीठ मळत होते. बाहेर येऊन पाहते तर हे विणकाम मांडीवर घेऊन बसलेले. चष्मा लावून. हाताने चाचपत होते. अंगठा डाव्या खांद्यावर गेला आणि तिथेच थांबला. मी दारात. आता शेगडी, आता शेगडी.

यांनी घडी घालून टोपलीत ठेवलं – माझ्यापेक्षा नीट – आणि उठून कोळसा घातला. रात्री जेवताना, ताटाकडे बघत: ‘लोकर पुरेल ना?’

पुरेल म्हटलं.

‘थंडी असते तिकडे दमट. अंगात शिरते.’

कुठे तिकडे? विचारलं नाही मी. ते उठून गेले. यांनाही माहीत आहे? की आत्ता कळलं, माझ्यासारखंच, हाताला? पंचेचाळीस वर्षं एका ताटावर जेवतोय आणि विचारायची हिंमत नाही.

१५ नोव्हेंबर, मंगळवार

धड झालं. किनार दोन सुलट दोन उलट, चार बोटं. गळ्याची पट्टीही उचलून विणली; व्हीच्या टोकाला मधला टाका ताठ उभा राहिलाय, तलवारीसारखा. पांढऱ्या दोऱ्यावरची उजवी बाही झाली. दहावी गुंडी संपत आली. चार कोऱ्या उरतील.

एक चिठ्ठी लिहिली होती, किनारीत शिवून टाकायला. ‘मी त्या दिवशी’ – एवढंच लिहून झालं. फाडली. नऊ वर्षं गप्प बसलेल्या बाईने आता किनारीतून बोलायचं? घालू दे त्याला. ऊब लागली तर लागली. नाजिये रविवारी न्यायला येणार आहे. पिशवी दाराबाहेर ठेवीन, चहा विचारणार नाही.

१९ नोव्हेंबर, शनिवार

डाव्या बाहीचे टाके सुईवर घेतले आणि ते निळं शेपूट ओढून काढलं. फेकणार होते. गाठी बोटांना लागल्या. मोजल्या. सहा.

मोठ्या दोरीशेजारी पसरलं. गळा, उजवा खांदा, डावा खांदा, छाती, बाही, उंची. तोच क्रम. फक्त एवढंसं. चार वर्षांचं पोर असेल. फार तर पाच.

वरून खाली विण, पोरांना विणतेस तसा. लोकर उरली तर उरू दे. सगळी वाचलीस?

शपथ तोंडाची होती, वन्संनी तोंड उघडलं नाही. काखेत कळसा आणि मी गावभर वन्संना शिव्या देत फिरले!

उद्या त्या आल्या की पाया पडेन. केते आत्ताच भाजायला घेतलेत, चाळीस. हे बाजारात गेलेत, बुर्साच्या बसची दोन तिकिटं आणायला. मी फक्त ती छोटी दोरी यांच्या हातात दिली होती.

चार गुंड्यांतली पहिली काढून टाके घातले. सैल. दोन्ही खांदे वन्संनी इथेही वेगळे मोजलेत.

सारखे आहेत.